पॅरिसमधील खटला आणि परभणीचा पक्षकार : १९४८ चे हैदराबाद प्रकरण व वकिलांचा धर्म

१/
१७ सप्टेंबर १९४८ हा मराठवाड्याचा मुक्तिदिन. त्याच्या आदल्या दिवशी पॅरिसमध्ये जे घडले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. १६ सप्टेंबर रोजी तेथील पॅले द शायो या इमारतीत संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद भरली होती आणि तिच्यापुढे विषय होता हैदराबाद. म्हणजे परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद येथील माणसांचे भवितव्य त्या दिवशी दोन ठिकाणी ठरत होते : एक रणभूमीवर आणि दुसरे कायदेपंडितांच्या युक्तिवादात. हा धागा त्या दुसऱ्या ठिकाणाविषयी आहे.

२/
या प्रकरणात जिकडे पाहावे तिकडे वकील दिसतात. निजामाचा सल्लागार वकील, रझाकारांचा पुढारी वकील, न्यायालयांवर बहिष्कार घालणारे वकील, अधिसत्तेचा कायदा उलगडून सांगणारे वकील आणि पुढे साठ वर्षांनी दडलेला अहवाल उजेडात आणणाराही वकीलच. एकाच विद्येचे हे इतके निरनिराळे उपयोग. राष्ट्राराष्ट्रांत कायद्याचे राज्य उभे राहावे यासाठी वकिलाचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न एरवी अमूर्त वाटतो. हैदराबादच्या प्रकरणात तो माणसांच्या रूपाने समोर उभा राहतो.

३/
प्रथम पार्श्वभूमी. १९४१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. संस्थानात १६ जिल्हे होते आणि परभणी हा त्यांपैकी एक. तेव्हाचा परभणी जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. परतूर १९८१ मध्ये नव्या जालना जिल्ह्यात गेले. वसमत, हिंगोली, कळमनुरी हा भाग १९९९ मध्ये स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला. त्यामुळे जुन्या कागदांत ‘जिल्हा परभणी’ असे आढळले की आजचे तीन जिल्हे डोळ्यांपुढे आणावे लागतात.

४/
निजामाच्या राज्यात कायदाच नव्हता, असे समजणे चूक ठरेल. १९२१ मध्ये तेथे न्यायखाते कारभारखात्यापासून वेगळे करण्यात आले. ब्रिटिश हिंदुस्थानातही ही सुधारणा तेव्हा सर्वत्र झालेली नव्हती. उच्च न्यायालय होते, जिल्ह्याजिल्ह्यांत अदालती होत्या, सनदी वकील होते. न्यायालयाची भाषा मात्र उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे वकिलाच्या लेखणीतून उर्दू अर्जात उतरत असे. परक्या भाषेत चालणाऱ्या त्या न्यायव्यवस्थेत रयतेचा आवाज वकील हाच होता.

५/
दुसऱ्या बाजूला नागरी स्वातंत्र्य जवळजवळ नव्हते. ‘गश्ती ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकामुळे जाहीर सभेला पूर्वपरवानगी लागे. म्हणून संस्थानच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरत : १९२३ मध्ये काकीनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे, १९३१ मध्ये अकोला. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन संस्थानातच, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच बेकायदा ठरवण्यात आली. ती बंदी १९४६ पर्यंत टिकली.

६/
याच जिल्ह्यातून संस्थानच्या वकिली परंपरेतील एक मोठे घराणे निघाले. केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ मध्ये वसमत तालुक्यातील पुरजळ येथे झाला. वकील म्हणून नाव मिळवून ते पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मराठी शिक्षण आणि समाजसुधारणा यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. १९३२ मध्ये ते निवर्तले. त्यांचे पुत्र विनायकराव गुरुकुल कांगडीत शिकून ‘विद्यालंकार’ झाले, लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि हैदराबादेत वकिली करू लागले. बापाने निजामाच्या न्यायासनावर बसावे आणि मुलाने त्याच न्यायालयांवरील बहिष्काराचे नेतृत्व करावे, हा एका पिढीतला बदल लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या बहिष्काराकडे पुढे येऊच.

७/
आता कायद्याचा मूळ पेच. ब्रिटिश संसदेच्या १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता संपुष्टात आली. मग ती अधिसत्ता गेली कोठे? निजामाचा पक्ष म्हणे : ती विरून गेली, म्हणून हैदराबाद आता सार्वभौम राष्ट्र आहे. भारताचा पक्ष म्हणे : हैदराबाद कधीच स्वतंत्र राष्ट्र नव्हते. परराष्ट्रव्यवहार व संरक्षण ब्रिटिशांच्या हाती होते, भोवताली सर्व बाजूंनी भारत आहे आणि केवळ एक कायदा संपल्याने नवे राष्ट्र जन्माला येत नाही. दोन्ही बाजूंना मांडण्याजोगे मुद्दे होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

८/
या पेचावर सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्रावणकोर व हैदराबाद यांनी स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केल्यावर जून १९४७ मध्ये त्यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. अधिसत्ता अशी आपोआप लोप पावू शकत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. इतर राष्ट्रांच्या मान्यतेवाचून स्वातंत्र्याची घोषणा पोकळ आहे, हा दुसरा. तिसरा मुद्दा सर्वांत खोल होता : अंतर्गत असंतोषाविरुद्ध संस्थानिक संयुक्त राष्ट्रांकडे धावले, तर आधी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती द्या, असाच आग्रह ते संघटन धरील.

९/
बॅरिस्टर आंबेडकरांनी येथे प्रश्नाची दिशाच बदलली. ‘संस्थान सार्वभौम आहे काय?’ या प्रश्नापाशी न थांबता त्यांनी विचारले : सार्वभौमत्व कोणाच्या वतीने सांगितले जात आहे? राजाला जगापुढे कायद्याचे संरक्षण हवे असेल, तर त्याने घरात प्रजेला कायद्याचे राज्य दिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे राजाराजांमधील करारमदार एवढाच नव्हे, ही जाणीव त्यात होती. पुढे चौदा महिन्यांनी घडलेल्या साऱ्या गोष्टी या एका कसोटीवर घासून पाहता येतात.

१०/
पहिली व्यक्ती निजामाच्या बाजूची. सर वॉल्टर माँक्टन हे इंग्लंडचे नामांकित वकील. १९३६ मध्ये राजा आठव्या एडवर्डच्या सिंहासनत्यागाच्या वेळी ते त्याचे सल्लागार होते. निजामासाठी त्यांनी निष्ठेने वाटाघाटी केल्या. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावाने दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाच्या घरांना वेढा घातला आणि ठरलेला करार अडवला. माँक्टन यांनी राजीनामा दिला. काही काळाने ते परतले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला.

११/
जून १९४८ मध्ये माँक्टन यांच्या प्रयत्नांतून एक मसुदा तयार झाला. त्यात जबाबदार राज्यपद्धती, संविधान सभा आणि विलीनीकरणावर सार्वमत यांची तरतूद होती. निजामाने तो नाकारला आणि माँक्टन हैदराबाद सोडून गेले. वकिलाला त्याच्या पक्षकाराशी किंवा पक्षकाराच्या हेतूशी एकरूप मानू नये, हे तत्त्व पुढे १९९० मध्ये हवाना येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने वकिलांच्या भूमिकेविषयीच्या मूलतत्त्वांत नोंदवले. माँक्टन यांना हे संरक्षण द्यावेच लागेल. त्यांनी पक्षकाराची बाजू मांडली, समेटाचा मार्ग दाखवला आणि तो झिडकारला गेल्यावर ते बाजूला झाले. वकिलीच्या मर्यादेत हे सरळ वर्तन होते.

१२/
दुसरी व्यक्ती अगदी वेगळी. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा अलीगढला शिकलेला आणि लातूरला वकिली करणारा. कायद्याचे शिक्षण त्याच्याकडेही होते. पण त्याने उभारलेली सशस्त्र दले गावोगाव धाक बसवत हिंडू लागली आणि सरकार त्यांना आवरू शकले नाही. लायक अली यांच्या मंत्रिमंडळातील एक मंत्री जे. व्ही. जोशी यांनी १९४८ मध्ये राजीनामा दिला. परभणी व नांदेड जिल्ह्यांत दहशतीचे राज्य आहे, असे त्यांनी राजीनामापत्रात स्पष्ट लिहिले आणि लोहा येथे स्वतः पाहिलेल्या जाळपोळीचे व अत्याचारांचे वर्णन केले. हे शब्द विरोधकाचे नव्हते, खुद्द निजामाच्या मंत्र्याचे होते.

१३/
अशा काळात न्यायालयात उभे राहण्याला अर्थ काय उरतो? १९४८ मध्ये संस्थानातील वकिलांनी निषेध समिती स्थापन केली आणि विनायकराव विद्यालंकार यांच्या नेतृत्वाखाली न्यायालयांवर बहिष्कार टाकला. वकिलाच्या दृष्टीने हे पाऊल साधे नाही. रोजचे उत्पन्न बुडते, सनद धोक्यात येते आणि खरी अडचण पक्षकाराची होते. ज्याचा जामीन उद्या आहे, त्याने कोणाकडे पाहावे? म्हणून वकिलाने न्यायालय सोडणे हे एरवी कर्तव्यच्युतीच मानले जाते.

१४/
तरीही या बहिष्काराला नैतिक अर्थ होता. न्यायालये चालू आहेत, वकील युक्तिवाद करीत आहेत, निकाल लागत आहेत, हे चित्र राज्यात सर्व काही सुरळीत असल्याची साक्ष देते. गावात रझाकार आणि शहरात अदालत असे दुहेरी राज्य असताना ती साक्ष खोटी ठरत होती. वकिलांनी ती देण्याचे नाकारले. निजामाचे सरकार लवकरच साऱ्या जगाला सांगणार होते की हैदराबाद हे कायद्याने चालणारे स्वतंत्र राष्ट्र आहे. त्याच राष्ट्राचे वकील त्याच्या न्यायालयांत पाऊल टाकायला तयार नव्हते. त्या दाव्याला याहून बोलके उत्तर कोणते असणार?

१५/
२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. आधार होता सनदेच्या ३५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाचा : संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नसलेले राष्ट्रही आपला वाद परिषदेपुढे आणू शकते. याच सुमारास, २१ व २२ ऑगस्टच्या दरम्यानच्या रात्री, हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. भारतात सामील व्हावे आणि रझाकार दल बरखास्त करावे, असे सात प्रतिष्ठित मुस्लिम नागरिकांचे निवेदन त्यांनी छापले होते. एकीकडे जगाकडे न्यायाची मागणी, तर दुसरीकडे घरात न्यायाची भाषा बोलणाऱ्याचा अंत. त्या राज्याची सारी विसंगती या दोन घटनांत सामावलेली आहे.

१६/
१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेच्या ११ सदस्यांपैकी ८ जणांनी विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असे मत दिले. विरोधात कोणी नव्हते. चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन तटस्थ राहिले. हैदराबादतर्फे नवाब मोईन नवाझ जंग बोलले. भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार यांनी बाजू मांडली. ते स्वतः वकील होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्षही. हैदराबाद हे राष्ट्रच नसल्याने हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे, परिषदेला त्यात अधिकार नाही, ही भारताची भूमिका सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या परिच्छेदावर उभी होती.

१७/
दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात त्याने संयुक्त राष्ट्रांना तार करून तक्रार मागे घेतली. आता नवा पेच : ही माघार स्वेच्छेची की पराभवाखालची? पॅरिसमधील शिष्टमंडळ आता कोणाचे? परिषदेने चर्चा केली, ती तहकूब केली आणि मे १९४९ मध्ये पुन्हा विषय घेतला. तेव्हा पाकिस्तानतर्फे मुहम्मद जफरुल्ला खान बोलले. पुढे ते हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले. २४ मे १९४९ नंतर परिषदेने त्यावर चर्चा केली नाही. हैदराबाद राष्ट्र होते की नाही, या प्रश्नाचा निर्णय कधीच दिला गेला नाही.

१८/
खटला परिषदेत विरला, तरी कायदेपंडितांत चालू राहिला. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात १९४९ मध्ये तारकनाथ दास यांचा लेख आला. दास हे परदेशात राहिलेले भारतीय क्रांतिकारक. हैदराबाद कधीच सार्वभौम नव्हते, असे त्यांचे म्हणणे. १९५० मध्ये त्याच नियतकालिकात न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक क्लाइड ईगल्टन यांनी सुरक्षा परिषदेच्या निष्क्रियतेवर टीका केली. ईगल्टन हे हैदराबादच्या शिष्टमंडळाचे सल्लागार राहिलेले होते. इतिहास वाचणाऱ्या तरुणांसाठी येथे एक धडा आहे : कायद्यावरील लेख वाचताना लेखकाने पूर्वी कोणाची वकिली केली, हेही पाहावे. त्याने युक्तिवाद खोटा ठरत नाही, पण त्याचे वजन नीट करता येते.

१९/
या साऱ्या चर्चेत एक पक्षकार मात्र कोठेच नव्हता. सनदेच्या ३५ व्या कलमाखाली तक्रार करण्याचा हक्क राष्ट्रांना होता. लोह्यात घर जळालेल्या कुटुंबाला नव्हता, परभणीच्या शेतकऱ्याला नव्हता आणि शोएबुल्ला खान यांच्या आप्तांनाही नव्हता. मोईन नवाझ जंग निजामाच्या सरकारतर्फे बोलले, मुदलियार भारत सरकारतर्फे. रयत पॅरिसमध्ये आली ती फक्त उल्लेखापुरती. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याची ही मोठी उणीव होती आणि ती भरून काढण्याची जबाबदारी कायदा जाणणाऱ्यांवरच येत होती.

२०/
योगायोग असा की तीन महिन्यांनी, त्याच पॅले द शायो इमारतीत, ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहारविरोधी करार आणि १० डिसेंबरला मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत झाला. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दांऐवजी ‘सर्व माणसे’ असे शब्द यावेत, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराला जोडलेल्या ऐच्छिक मसुद्याने व्यक्तीला थेट आंतरराष्ट्रीय समितीकडे तक्रार करण्याची वाट खुली केली. भारत मूळ करारात १९७९ मध्ये सामील झाला; त्या ऐच्छिक मसुद्यात मात्र सामील झालेला नाही.

२१/
येथवरचा इतिहास सांगायला सोपा आहे, कारण त्यात अन्याय दुसऱ्याचा आहे. पुढचा भाग अवघड. पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर मराठवाडा आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर सूडाचे भीषण हल्ले झाले. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा केला. मृतांची संख्या किमान २७,००० ते ४०,००० असावी, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घेतली. हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवल्याच्या घटनाही त्यांनी नोंदवल्या.

२२/
सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध न्यायालये सोडणारे वकील होते. या बळींसाठी तसे संघटित पाऊल उचलले गेल्याचा इतिहास सांगितला जात नाही. अखेर मुंबईचे वकील व अभ्यासक ए. जी. नूरानी यांनी या अहवालावर लेखन केले आणि २०१३ च्या आपल्या पुस्तकात तो छापला. नूरानी यांचे सर्व निष्कर्ष सर्वांना मान्य नाहीत. पटेल आणि नेहरू यांच्याविषयीच्या त्यांच्या मतांवर वाद आहेत. पण कागद लोकांपुढे ठेवणे आणि निकाल लोकांवर सोपवणे, हे वकिलाचे जुनेच काम त्यांनी केले.

२३/
कायद्याच्या राज्याची आणखी एक परीक्षा झाली ती कासिम रझवीच्या खटल्यात. विशेष न्यायाधिकरणापुढे त्याच्यावर खटले चालले. बीबीनगर दरोडा प्रकरणातील शिक्षेविरुद्ध तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विशेष न्यायाधिकरणाची पद्धत संविधानातील समतेच्या हक्काचा भंग करते, असा त्याचा आक्षेप होता. १९५३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. मात्र न्यायपीठात एकमत झाले नाही. ज्याने कायद्याचा मुलाहिजा ठेवला नाही, त्याचा आक्षेपही वकिलामार्फत मांडला गेला, ऐकला गेला आणि त्यावर न्यायाधीशांत प्रामाणिक मतभेद झाले. शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटल्यावर रझवी पाकिस्तानात गेला.

२४/
बहिष्कार घालणाऱ्यांचे पुढे काय झाले? विनायकराव विद्यालंकार १९५२ नंतर हैदराबाद राज्यात मंत्री झाले. संस्थानातील लढ्यातून आलेले वकील काशिनाथराव वैद्य हैदराबाद विधानसभेचे सभापती झाले. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव हेही वकीलच. ज्यांनी एक न्यायव्यवस्था नाकारली, त्यांच्यावरच नवी चालवण्याची जबाबदारी आली. जुन्या सत्तेला लावलेली कसोटी आपल्यालाही लागू आहे, हे सत्तेवर आल्यावर लक्षात ठेवणे ही बहिष्काराहून कठीण गोष्ट असते.

२५/
या प्रकरणातून वकिलाच्या धर्माविषयी तीन गोष्टी हाती लागतात. पक्षकार कोणीही असो, त्याची बाजू मांडण्यात पाप नाही. मात्र माँक्टन यांच्याप्रमाणे त्याला समेटाचा मार्ग दाखवण्याचे धैर्य हवे. न्यायालयात उभे राहणे हेच एखाद्या खोट्या चित्राला पाठबळ देणारे ठरत असेल, तर तेथून बाहेर पडणे हाही युक्तिवादच असतो. आणि तिसरी, सर्वांत जड : ज्या अन्यायाविरुद्ध आपण उभे राहिलो, त्याचा सूड म्हणून दुसरा अन्याय घडला, तर त्याचीही नोंद त्याच शाईने झाली पाहिजे.

२६/
सुरक्षा परिषदेपुढे ‘हैदराबाद प्रश्न’ या नावाने जे आले, त्याचा निकाल कधी लागला नाही. परंतु आंबेडकरांनी १९४७ मध्ये विचारलेला प्रश्न कोणत्याही देशाला, कोणत्याही काळी विचारता येतो : जगाकडे जो न्याय मागता, तो आपल्या माणसांना दिला आहे काय? दरवर्षी १७ सप्टेंबरला परभणीत ध्वज फडकतो, तेव्हा लोह्यातील जळालेली घरे, शोएबुल्ला खान आणि सुंदरलाल अहवालातील नाव नसलेली माणसे या तिन्हींची आठवण एकत्र ठेवता आली, तर तो दिवस अधिक मोठा होईल.

(धागा समाप्त)